वाचकांचे प्रश्न : पट्टी भरली, तरी वायर ओढू नका

प्रश्न : लग्नाचं शूटिंग लिनक्स मिंटवर एडिट करून एक्सटर्नल हार्ड डिस्कवर टाकून देतो. कॉपीची पट्टी भरली की वायर काढतो. दोन पार्ट्यांची तक्रार आली, शेवटचे व्हिडिओ अर्धवट आहेत. डिस्क खराब झाली का?
– फोटो स्टुडिओचालक, चांदूर रेल्वे

उत्तर : डिस्क बहुधा धडधाकट आहे, घाई नडली. लिनक्स फाइल आधी रॅममध्ये घेतं आणि डिस्कवर मागाहून लिहीत राहतं. पट्टी भरली म्हणजे माल रॅमपर्यंत पोचला, एवढंच. 8 जीबी रॅमच्या मशीनवर शेवटचा एखादा जीबी असा वाटेत असू शकतो, आणि यूएसबी 2.0 च्या पोर्टमधून सेकंदाला 30-35 एमबीच सरकतात. म्हणजे पट्टी भरल्यावरही अर्धा मिनिट लिहिणं चालूच. वायर ओढली की तो माल गेला.

टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा, एस-वाय-एन-सी ही चार अक्षरं लहान लिपीत टाइप करून एंटर दाबा. सगळं लिहून झाल्याशिवाय पुढची ओळ येत नाही. मग फाइल मॅनेजरमध्ये डिस्कच्या नावापुढचं इजेक्टचं चिन्ह दाबा. खरं तर नुसतं इजेक्टही आधी उरलेलं लिहूनच डिस्क सोडतं. पण ते अर्धा मिनिट अडलं की लोकांना वाटतं मशीन हँग झालं, आणि हात वायरकडे जातो. फिरणारी डिस्क असेल तर तिची थरथर थांबेपर्यंत उचलू नका. फिरत्या तबकडीवर हेड असताना बसलेला धक्का कुठल्याही सॉफ्टवेअरनं भरून निघत नाही.

‘डिस्क वापरात आहे’ असं आलं तर कोणीतरी ती धरून ठेवलेली असते: व्हीएलसी, एडिटिंगचं सॉफ्टवेअर, किंवा त्याच फोल्डरमध्ये उघडं राहिलेलं टर्मिनल. ते बंद करा. सापडलंच नाही तर संगणक रीतसर शटडाउन करा, तेव्हा डिस्क आपोआप सुटते. इंटरनेटवर सुचवला जाणारा ‘लेझी अनमाउंट’ (वापरात असतानाच डिस्कची जोडणी सोडवणं) इथे वापरू नका. त्यात डिस्क नजरेआड होते, आत लिहिणं मात्र चालू असू शकतं.

प्रश्न : आमच्याकडे लाईन कधीही जाते. संगणक यूपीएसवर आहे, तरी बॅकअपची 3.5 इंची डिस्क मध्येच गायब होते. लाईन आल्यावर फोल्डर उघडलं की ‘इनपुट/आउटपुट एरर’.
– ग्रामपंचायत ऑपरेटर, महागाव

उत्तर : संगणक यूपीएसवर आणि डिस्कचा 12 व्होल्टचा अडॅप्टर साध्या बोर्डात, असंच असणार. तो अडॅप्टरही यूपीएसच्या बॅटरीच्या सॉकेटमध्ये लावा. काही यूपीएसवर निम्मे सॉकेट फक्त सर्जपुरते (विजेच्या झटक्यापासून वाचवणारे, बॅटरी नसलेले) असतात, ते बघून घ्या.

लाईन आल्यावर डिस्क बहुतेक वेळा नव्या नावानं येते, आधी एसडीबी असेल तर आता एसडीसी. जुनं फोल्डर मेलेल्या जोडणीकडे बोट दाखवत राहतं, म्हणून एरर. आधी ते अनमाउंट करा, म्हणजे जोडणी सोडवा. मग नव्या नावानं आलेल्या पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर), तेही माउंट म्हणजे जोडलेलं नसताना, एफ-एस-सी-के ही तपासणी-दुरुस्तीची आज्ञा चालवा. माउंट असलेल्या पार्टिशनवर दुरुस्ती चालवली तर असलेलंही बिघडतं.

डिस्क फक्त लिनक्सवरच लागत असेल तर तिचा फॉरमॅट ईएक्सटी-4 करा. त्यात जर्नल (होणाऱ्या बदलांची नोंदवही) असतं, त्यामुळे अशा झटक्यात फोल्डरांची रचना सहसा टिकते. अर्धी लिहिलेली फाइल मात्र अर्धीच राहते. एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये जर्नल नाही. फॉरमॅट बदलताना डिस्क कोरी होते, तेव्हा डेटा आधी दुसरीकडे घ्या.

प्रश्न : शाळेच्या विंडोजवरून आणलेली डिस्क घरच्या उबंटूवर फक्त वाचता येते, काही टाकता येत नाही.
– शिक्षक, वरोरा

उत्तर : विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’. त्यात शटडाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि लावलेल्या एनटीएफएस (विंडोजचा फॉरमॅट) डिस्कवर ‘काम बाकी आहे’ अशी खूण राहते. ती पाहून लिनक्स लिहायला नकार देतं, आणि ते बरोबरच आहे. शाळेत आधी ‘सेफली रिमूव्ह’ करा, किंवा शिफ्ट दाबून शटडाउन करा. अडलेली डिस्क पुन्हा विंडोजला लावून चेकडिस्क हे तपासणीचं साधन चालवा. लिनक्सवरचं एनटीएफएस-फिक्स हे नाव फसवं आहे: ते किरकोळ डागडुजी करतं, पूर्ण तपासणी करत नाही.

प्रश्न : उन्हाळ्यात पोर्टेबल डिस्क टिकटिक करते, बंद-चालू होते.
– वाचक, अचलपूर

उत्तर : आधी वीज तपासा. यूएसबी 2.0 पोर्ट 500 मिलीअँपियर देतो, 3.0 पोर्ट 900. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबवर तेही वाटलं जातं. आखूड वायरनं डिस्क थेट 3.0 पोर्टला लावून बघा. बऱ्याच पोर्टेबल डिस्क भोवतालच्या 35 अंशांपर्यंतच्या हवेसाठी असतात, मे महिन्यात आपली खोली ते ओलांडतेच. मोठी कॉपी पहाटे करा. कूलरच्या थेट झोतात मात्र डिस्क ठेवू नका, ओल लागते. एवढं करूनही टिकटिक राहिली तर चाचण्या करत बसू नका, सगळ्यात गरजेच्या फाइल आधी काढून घ्या.