लघवीतून हृदयाचा ठाव घेताना

बडोद्यात उंदरांवर (मोठ्या जातीच्या, म्हणजे रॅटवर) लघवीतून हृदयाची इजा ओळखायचं काम सुरू करते आहेस ना, मग आधी हे ऐक. आयसोप्रोटेरेनॉल हे हृदयाला जोरात धावायला लावणारं औषध जास्त मात्रेत टोचलं की हृदयाच्या पेशी मरतात आणि मायोग्लोबिन, एच-एफएबीपी अशी लहान प्रथिनं रक्तातून लघवीत उतरतात. वाचायला सोपं वाटतं. पण नर उंदराच्या लघवीत तो ठणठणीत असतानाही अल्फा-२यू ग्लोब्युलिन हे हृदयाशी संबंध नसलेलं प्रथिन भरपूर असतं. वजन साधारण १९ किलोडाल्टन, मायोग्लोबिनचं १७. जेलवर (प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या थरावर) दोघांचे पट्टे अगदी शेजारी! त्या ठळक पट्ट्याला हृदयाची खूण समजून मी तीन आठवडे घालवले होते. म्हणून ओळख अँटिबॉडीनेच, म्हणजे त्या एकाच प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूनेच, पटवून घे.

टोचण्याआधीची लघवी त्याच उंदराची घे, तुलना तिच्याशीच कर. प्रथिनाचा आकडा लघवीतल्या क्रिएटिनिनने (स्नायूंतून येणारा, साधारण एकाच गतीने बाहेर पडणारा पदार्थ) भागायला विसरू नकोस, कारण पाणी कमीजास्त प्यायल्याने सगळं बदलतं. आपल्याकडच्या मे महिन्यात तर नमुन्याची नळी बर्फातच ठेव, नाहीतर प्रथिनं तुटतात. पिंजऱ्यातलं खाद्य, लेंड्या त्यात पडू देऊ नकोस.

मूत्रपिंडालाच इजा झाली तरी ही प्रथिनं वाढतात, तेव्हा रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूचं प्रथिन) सोबत मोज. आणि हो, प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय एकाही जिवाला सुई लावायची नाही.