टीवायच्या आधीच लाग कामाला

‘टीवाय संपू दे, मग बघू’ असं म्हणू नकोस रे. एमबीएच्या प्रवेशाची परीक्षा, कॅट, नोव्हेंबरच्या शेवटाला, पण अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे नेमकी चवथीची धांदल. मी गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायची सोडून शेवटच्या दिवशी जातीचा दाखला शोधत बसले होते! कागद जूनमध्येच काढून ठेव. कॅटमध्ये विभाग तीन, प्रत्येकी ४० मिनिटं. गणित तुला जमेल, पण उतारे वाचायची सवय दोन महिन्यांत लागत नाही. आत्तापासून रोज इंग्रजी अग्रलेख वाच. साखळीच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटला झॅट ही दुसरी प्रवेश परीक्षाही चालते, ती जानेवारीत. आणि मुलाखतीत ‘गोव्यात पर्यटन आहे’ एवढ्यावर भागत नाही. सुट्टीत मामाच्या काजू कारखान्यात हिशेब सांभाळ, बोलायला काहीतरी खरं मिळेल.