विक्रीच्या भेटीआधीचे दोन तास

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनीअर आहे. चार महिन्यांपूर्वी औद्योगिक पंप बनवणाऱ्या कंपनीत सेल्स इंजिनीअर म्हणून रुजू झाले. ग्राहकांच्या तीन भेटी झाल्या. दर वेळी ३२ स्लाइडचं प्रेझेंटेशन पाठ करून गेले, पण दहा मिनिटांतच समोरचे घड्याळाकडे बघू लागतात आणि शेवटी ‘बघू, कळवतो’ म्हणतात. सीनिअर म्हणतात, विक्री रक्तातच असावी लागते. मी मुळात कमी बोलणारी. येत्या गुरुवारी एका पेपर मिलमध्ये भेट आहे. हे क्षेत्र सोडून डिझाइनकडे वळू का?

उत्तर : ‘प्रेझेंटेशन पाठ करून गेले’ हे तुझं वाक्य वाचून वाईट वाटलं, कारण मेहनतीत तू कुठेच कमी पडलेली नाहीस. फक्त अभ्यास झाला तो तुमच्या पंपाचा. ज्यांच्याकडे जायचं, त्यांचा राहून गेला. डिझाइनचं गुरुवारनंतर बघू.

आधी ‘रक्ता’बद्दल. नील रॅकहॅम या संशोधकाने सहकाऱ्यांसोबत १२ वर्षांत ३५,००० हून अधिक विक्री-भेटींचा अभ्यास केला. मोठ्या व्यवहारांत यशस्वी ठरलेले लोक नेमके प्रश्न विचारत होते आणि ग्राहकाला बोलतं करत होते, असं त्यात दिसलं. कमी बोलणाऱ्या माणसाला हे जमतं, आणि त्याची तयारी आधी घरी बसून करता येते.

आता गुरुवारकडे. प्रश्न कसे बांधायचे ते पाहा. ‘तुमच्याकडे किती पंप आहेत, कोणत्या कंपनीचे?’ असे प्रश्न भेटीत एखाद-दोनच ठेव. यातलं बरंचसं आधी फोनवर कळतं, आणि त्यांचीच माहिती त्यांना विचारत बसलं की माणूस कंटाळतो. त्यानंतर अडचणीवर ये, उदाहरणार्थ मेकॅनिकल सील, म्हणजे पंपातली गळती रोखणारा भाग : ‘लगद्याच्या लाइनवर मेकॅनिकल सील साधारण किती महिन्यांनी बदलावं लागतं?’ ते म्हणाले, ‘चार,’ तर लगेच आपल्या सीलचं कौतुक सुरू करू नकोस. मोह होतो, मला माहीत आहे. त्याऐवजी विचार : ‘बदलताना पंप किती वेळ बंद असतो? तेवढ्या वेळात मशीन चालू राहतं का? रात्रपाळीत झालं तर फिटर असतो का?’ आणि मग गप्प राहा. मेंटेनन्सचा माणूस एकेक आकडा सांगू लागतो, शेजारी बसलेला परचेसचा माणूस तो ऐकतो, आणि चार महिन्यांना एक सील हा खर्च नुसत्या सीलचा नाही, हे त्यांचं त्यांनाच दिसतं. मग तू विचारायचंस : ‘हे सील वर्षभर टिकलं, तर तुमचं काय सुटेल?’ त्याचं उत्तर त्यांच्या तोंडून येऊ दे. असे पाच-सहा प्रश्न कागदावर लिहून ने. वही उघडी ठेवून विचारलेस तरी चालेल, त्यात कमीपणा काही नाही.

समोर कोण कोण बसणार, हे आदल्या दिवशी वेळ पक्की करण्याच्या फोनवरच विचारून घे. परचेसला दर, डिलिव्हरी आणि पेमेंटच्या अटी हव्या असतात, मेंटेनन्सला स्पेअर वेळेत मिळणार का याची काळजी, प्रॉडक्शनला मशीन थांबायला नको. ‘महाग आहे’ हे ऐकावं लागणारच. पंपाच्या आयुष्यभराच्या खर्चात खरेदीची किंमत बऱ्याचदा लहान असते, वीज आणि दुरुस्ती जास्त खाते. पण हे तोंडी सांगून कुणाला पटत नाही. त्यांचे चालू तास आणि मोटरचे किलोवॅट विचारून समोरच हिशेब मांड. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिचा वार्षिक अहवाल उघड. व्यवस्थापनाने पुढच्या वर्षाबद्दल लिहिलेली दोन-चार पानं पुरतात, विस्तार होणार की खर्चकपात, याचा अंदाज येतो.

एक गोष्ट मी स्वतः ठेच लागल्यावर शिकलो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका ग्राहकाकडे नवं मॉडेल दाखवायला गेलो होतो. मी फाईल उघडली तशी त्यांनी टेबलावर एक पत्र ठेवलं. आमच्याच कंपनीला पाठवलेलं, सात आठवड्यांपूर्वीचं, एका स्पेअरसाठी. उत्तर गेलेलं नव्हतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. तो अर्धा तास मी आजही विसरलेलो नाही. तेव्हापासून कुठल्याही भेटीआधी त्या ग्राहकाच्या अडकलेल्या तक्रारी आणि थकलेली बिलं पाहिल्याशिवाय मी निघालो नाही.

आणि भेटीतून काय घेऊन उठायचं, हे आधीच ठरव. ‘बघू, कळवतो’ म्हणजे व्यवहार जिथे होता तिथेच आहे. पहिल्याच खेपेला ऑर्डर मागू नकोस, पण एक ठरलेलं पाऊल माग : एका लाइनवर ट्रायल, प्लांटमध्ये फेरी, किंवा प्रॉडक्शन प्रमुखांसोबत तारखेनिशी भेट. जे ठरेल ते त्याच संध्याकाळी चार ओळींच्या मेलमध्ये लिहून पाठव.

स्लाइड पाच ठेव, त्याही विचारल्या तरच उघड. आणि आज ऑफिस सुटायच्या आत सर्व्हिस विभागाला फोन कर, या पेपर मिलचं काही प्रलंबित आहे का ते विचार.