सातपुड्यातल्या नाल्याचं पाणी पोरांना डुंबायला ठीक आहे का, हे कसं ओळखायचं?

नुसत्या डोळ्यांनी नाही ओळखता येत; खात्री हवी तर विष्ठेतल्या कोलिफॉर्म जंतूंची तपासणीच करावी लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषाप्रमाणे आंघोळीच्या पाण्यात हे जंतू १०० मिलिलिटरमागे ५०० पर्यंत असावेत, २५०० ही कमाल मर्यादा. सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) ६.५ ते ८.५ हवा. नमुना निर्जंतुक बाटलीत घेऊन, बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या (कोल्ड्रिंकची धुतलेली बाटली चालत नाही).

पाल-यावलकडे अचानक जाणं झालं, तर आधी नाल्याच्या वरच्या अंगाला दोन-तीनशे पावलं चालून या: गुरं बसतात का, वस्तीचं सांडपाणी उतरतं का. मग पाण्यातला एखादा दगड उलटून बघा. खाली तीन शेपट्यांच्या चपट्या अळ्या चिकटलेल्या असतील तर सेंद्रिय घाण कमी आहे. गाळात नुसते लालभडक किडे वळवळत असतील तर मुकाट्याने परत फिरा. अळ्यांवरून जंतू कळत नाहीत, एवढं ध्यानात असू द्या.

आणि अहवाल त्या दिवसापुरताच असतो. जोराचा पाऊस झाला की शिवारातली घाण नि कपाशीवरच्या फवारणीचं औषध नाल्यात उतरतं. तेव्हा निदान दोन-तीन दिवस तरी पाण्यात उतरू नये, अंगावर जखम असेल तर मुळीच नको.