लीडस्क्रूच्या ब्रॅकेटचे भोक मोठे झाले

प्रश्न : माझ्या जुन्या लेथच्या लीडस्क्रूचे (टूल सरकवणाऱ्या लांब स्क्रूचे) उजवे टोक झिजलेल्या ब्रॅकेटमध्ये खडखडत होते, म्हणून गनमेटलचा 22 मि.मी. बाहेरील व्यासाचा बुश (भोकात बसणारी नळी) आधीच तयार करून त्याच लेथवर बिडाचा ब्रॅकेट बोअर करायला घेतला. सुरुवातीचे कट अंदाजाने घेतले. भोक 21.82 मि.मी. भरल्यावर डायलवर 0.18 मोजून शेवटचा कट दिला, तर ते 22.18 झाले. आता भोकाच्या कडेला पंच मारून किंवा शिम (पातळ पत्रा) घालून बुश घट्ट करता येईल का?

उत्तर : दोन्ही करू नयेत. पंचाने उठलेले उंचवटे बुशाला कडेपाशीच धरतात व काही दिवसांत दबतात, तर शिम जिथे तुटक किंवा दुमडलेला असेल तिथे बुश मध्यापासून सरकतो. चिकटद्रव्याने फट भरली तरी बुश मध्यावर राहील याची खात्री नसते.

भोक दोन्ही तोंडांशी, आडवे-उभे मोजून पाहा. ते गोल आणि सरळ असेल तर त्याला पुन्हा हात लावू नका, बुशच 22.20 मि.मी.चा नवा करा. वाया गेला तो गनमेटलचा एक तुकडा, ब्रॅकेट नव्हे. आतले भोक किंचित कमी ठेवून बुश दाबून बसवावा आणि मगच रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारे हत्यार) फिरवावा, कारण दाबताना आतला व्यास आवळतो. यापुढे भोक आधी, बुश नंतर हा क्रम ठेवा. बाहेरचा व्यास मायक्रोमीटरने मापून उतरवणे कितीतरी सोपे असते.

तुमची चूक नेमकी 0.18 चीच आहे, हे लक्षात आले का? तुमचा डायल बहुधा टूलची सरक दाखवतो, टूल 0.18 सरकले की व्यास 0.36 ने वाढतो. एका सळईवर 0.10 चा कट देऊन पाहा, व्यास 0.20 ने घटला तर शंका नको. मात्र आधी डायलच्या स्क्रूच्या नटातली ढिलाई एकाच दिशेने काढून घ्या, नाहीतर ही चाचणीही फसवेल.

ब्रॅकेट बसवताना बोल्ट सैल ठेवून कॅरेज (टूल वाहणारा सरकता भाग) त्याच्याजवळ आणा, हाफ नट (कॅरेजला लीडस्क्रूशी जोडणारा दोन अर्धांचा नट) बंद करा आणि स्क्रू हाताने मोकळा फिरतो हे पाहत बोल्ट आवळा. नट बंद होताच स्क्रू खाली ओढला जात असेल, तर सॅडल (कॅरेजचा बेडवर टेकणारा भाग) झिजून बसलेले आहे. तो दोष नव्या बुशाने जाणार नाही.