वाचकांचे प्रश्न : गुडघ्याची झीज आणि शस्त्रक्रियेवाचूनचे उपचार

प्रश्न : डॉक्टरसाहेब, सादर नमस्कार. माझ्या आईचे वय ६७ असून दोन्ही गुडघ्यांची झीज तिसऱ्या श्रेणीची असल्याचे एक्स-रे पाहून सांगण्यात आले आहे. तिला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे, आणि काही महिन्यांपूर्वी हृदयात स्टेंट बसवल्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत. अस्थिरोगतज्ज्ञांनी सांधा बदलण्याचा सल्ला दिला. परंतु हृदयरोगतज्ज्ञ सध्या थांबा म्हणतात, आणि आई तर ऑपरेशनचे नावही काढू देत नाही. एका जाहिरातीत जांघेतून नळी घालून गुडघ्याच्या रक्तवाहिन्या बंद करण्याचा उपचार वाचला. दुसऱ्या ठिकाणी गुडघ्याच्या नसा सुईने निकामी करतात असे कळले. दोन्हीकडे ‘टाके नाहीत, त्याच दिवशी घरी’ असे आश्वासन आहे. यांत कितपत तथ्य आहे, आणि आईसाठी काय योग्य ठरेल? यामुळे पुढे ऑपरेशन करायचे झाल्यास अडचण तर येणार नाही ना?
— एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही उपचार खरे आहेत, मात्र दोन्हींच्या मागचा पुरावा सारख्या वजनाचा नाही, आणि झिजलेली कुर्चा (सांध्यात हाडांच्या टोकांवर असणारे गुळगुळीत आवरण) यांपैकी कोणत्याही उपचाराने परत येत नाही, हे आधी लक्षात घ्यावे.

कुर्चेला स्वतःच्या वेदनावाहक नसा नसतात. दुखते ते कुर्चेखालचे हाड, सांध्याचे आतले अस्तर आणि सांध्याभोवतीची पिशवी. म्हणूनच एक्स-रेवरील श्रेणी आणि प्रत्यक्ष त्रास यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. चौथ्या श्रेणीचा गुडघा घेऊन भाजीबाजार करून येणारी माणसेही असतात आणि दुसऱ्या श्रेणीत रात्रभर तळमळणारीही. ही श्रेणी १९५७ मध्ये मांडली गेली आणि ती हाडांमधील अंतर व हाडाच्या कडांवरील वाढ यांवरून ठरते. रुग्ण किती चालतो किंवा किती झोपतो, हे तीत नोंदलेले नसते. आपण विचारलेले दोन्ही उपचार झिजेवर नव्हे, तर वेदना जिथून निघते किंवा ज्या वाटेने मेंदूकडे जाते त्या ठिकाणांवर काम करतात.

प्रथम नसांचा उपचार पाहू. गुडघ्याभोवतीच्या पिशवीतून निघणाऱ्या अनेक नसांपैकी तीन सहसा निवडल्या जातात : मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी आतल्या आणि बाहेरच्या बाजूची प्रत्येकी एक, आणि नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी आतल्या बाजूची एक. खालची बाहेरची नस मुद्दाम वगळतात, कारण पाऊल वर उचलणारी मोठी नस तिथून जवळच वळसा घेते आणि तिला इजा झाल्यास पाऊल लुळे पडू शकते. सुईच्या टोकाशी रेडिओलहरींनी उष्णता निर्माण करून या तीन नसांचा छोटा भाग निकामी केला जातो. कोरियातील डॉक्टरांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ३८ रुग्ण होते. त्यांतील निम्म्यांच्या नसांना ७० अंश सेल्सियस तापमानात ९० सेकंद उष्णता दिली गेली आणि उरलेल्यांना सुई टोचूनही उष्णता दिली गेली नाही. उष्णता मिळालेल्यांचा आराम स्पष्टपणे अधिक होता. पुढे सुईच्या टोकातून पाणी खेळते ठेवणारी पद्धत आली. तीत टोक सुमारे ६० अंशांवर राहते, तरीही नसेभोवतीचा मोठा भाग तापतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी या पद्धतीला मान्यता दिली.

या उपचाराचा मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे त्याआधीची चाचणी, आणि दुर्दैवाने घाईत नेमकी तीच गाळली जाते. रुग्णाला टेबलावर उताणे झोपवून गुडघ्याखाली उशी देतात, सी-आर्म या फिरत्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर हाडाची कड पाहत तिन्ही ठिकाणी बारीक सुई नेतात आणि प्रत्येक ठिकाणी जेमतेम एक मिलिलिटर लिग्नोकेन हे तात्पुरते बधिर करणारे औषध सोडतात. त्यानंतर रुग्णाला उठवून जिना चढायला आणि उतरायला लावायचे, खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायला सांगायचे आणि पुढचे काही तास वेदनेला दहापैकी किती गुण, हे कागदावर लिहून ठेवायचे. नेहमी सात गुणांची वेदना तीनवर आली, तर पुढे जाण्यात अर्थ आहे. सहावरच राहिली, तर त्या रुग्णाची वेदना या नसांतून येत नाही आणि त्या निकामी करूनही ती जाणार नाही. कधीकधी अशा वेळी कंबरेचा किंवा खुब्याचा विकार सापडतो. आईसाठी ही चाचणी न करताच उपचाराची तारीख देऊ करणाऱ्या ठिकाणी मी जाणार नाही.

आराम मिळाल्यास तो साधारणपणे सहा महिने ते वर्षभर टिकतो. नसा पुन्हा वाढतात, त्यामुळे वेदना परतू शकते. तेव्हा उपचार पुन्हा करता येतो. या नसा प्रामुख्याने संवेदना वाहणाऱ्या असल्याने पायातली ताकद जात नाही. काहींना सुरुवातीचे काही दिवस टोचल्या जागी दुखते किंवा काळे-निळे पडते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दलचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांनीच घ्यायचा आहे. स्टेंट नवा असताना त्या गोळ्या आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नयेत. पेसमेकर असणाऱ्यांनी तो असल्याचे आधीच सांगणे आवश्यक आहे, कारण रेडिओलहरींचा त्यावर परिणाम होऊ शकतो.

आता रक्तवाहिन्यांचा उपचार. झिजेच्या गुडघ्यात अस्तराला सूज येते, सुजेत नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांच्यासोबत वेदनेच्या नसांचे धागेही वाढतात. या वाहिन्या बंद केल्या तर सूज आणि वेदना दोन्ही कमी होतील, हा विचार जपानमधील डॉ. युजी ओकुनो यांनी पुढे आणला. त्यांनी २०१५ मध्ये १४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. वाहिनी बुजवण्यासाठी त्यांनी इमिपेनेम-सिलास्टॅटिन हे प्रतिजैविक वापरले होते, कारण त्याचे कण रक्तात लगेच विरघळत नाहीत आणि वाहिनी तात्पुरती बंद होते. अन्यत्र याच कामासाठी अतिसूक्ष्म कृत्रिम गोळ्या वापरल्या जातात. त्यानंतर आलेले बहुतेक अहवाल उत्साहवर्धक होते, परंतु त्यांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. असा गट असलेली नेदरलँड्समधील रॉटरडॅमची चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीतील ५८ रुग्णांपैकी काहींच्या वाहिन्या खरोखर बंद केल्या गेल्या आणि काहींवर केवळ तसा देखावा केला गेला. चार महिन्यांनी दोन्ही गटांना बरे वाटत होते, आणि जवळपास सारखेच.

गुडघेदुखीला भरती-ओहोटी असते, आणि माणूस डॉक्टरांकडे येतो तो भरतीच्या दिवसांत. त्यामुळे काही न करताही पुढच्या महिन्यात थोडे बरे वाटण्याची शक्यता असतेच. त्यात यंत्रांनी भरलेली खोली, काळजीने वागणारे डॉक्टर आणि मोजलेले पैसे यांचाही हातभार लागतो. म्हणून गुडघ्याच्या बाबतीत ‘इतक्या टक्के रुग्णांना आराम’ या वाक्याला, तुलनेचा गट नसेल तर, मी फारशी किंमत देत नाही.

आपल्या मातोश्रींच्या बाबतीत रक्तवाहिन्यांचा उपचार टाळण्याची याहूनही साधी कारणे आहेत. वाहिनी दिसण्यासाठी जो रंगद्रव सोडावा लागतो, तो मधुमेहाने आधीच नाजूक झालेल्या मूत्रपिंडांना बाधू शकतो. दीर्घकाळच्या मधुमेहात पायाच्या धमन्या कडक झालेल्या असू शकतात. आणि रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू असताना जांघेतील मोठी धमनी टोचणे टाळता येत असेल तर टाळावे. सबब हा उपचार त्यांच्यासाठी आज मी सुचवणार नाही. हृदयरोगतज्ज्ञांची संमती असेल, तर नसांची चाचणी करून पाहावी आणि ती समाधानकारक ठरली, तर अधिक दुखणाऱ्या एका गुडघ्यापासून सुरुवात करावी.

नसांच्या उपचाराने पुढे सांधा बदलण्यात अडचण येत नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनचे मात्र तसे नाही : ते सांध्यात घेतल्यावर जंतुसंसर्गाचा धोका टाळण्यासाठी सांधाबदल किमान तीन महिने लांबवतात. त्या इंजेक्शनने मधुमेहींची साखर काही दिवस वाढते, हेही ध्यानात असू द्यावे. गुडघा गरम होऊन सुजला असेल तेव्हा एखादे इंजेक्शन उपयोगी पडते. पण दर तीन महिन्यांनी घेत राहण्याची सवय वाईट. अमेरिकेत १४० रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षे दर तीन महिन्यांनी स्टेरॉइड घेणाऱ्यांची कुर्चा केवळ सलाईन घेणाऱ्यांपेक्षा अधिक झिजली, आणि वेदनेत काही फरक पडला नाही.

गुडघा पूर्ण सरळ होत नसेल, पाय धनुष्यासारखा वाकत चालला असेल किंवा चालता चालता गुडघा दगा देत असेल, तर सुईचे कोणतेही उपचार केवळ वेळ काढतात. तशी वेळ आल्यास, आणि हृदय साथ देत असल्यास, आईंना शस्त्रक्रियेसाठी समजवावे.

प्रश्न : मी ५४ वर्षांची शिक्षिका आहे. उजव्या गुडघ्याच्या केवळ आतल्या बाजूला झीज आहे. मला तीन पर्याय सुचवले गेले : दुर्बिणीतून गुडघ्याची सफाई, पीआरपीची तीन इंजेक्शने, किंवा मूळपेशींचे (स्टेम सेलचे) ‘पॅकेज’. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तिन्ही नाकारावेत, असे माझे मत आहे.

दुर्बिणीच्या सफाईचा निकाल २००२ मध्येच लागला. अमेरिकेत ह्यूस्टन येथे १८० रुग्णांवर झालेल्या चाचणीत काहींच्या त्वचेवर फक्त छेद देऊन टाके घातले गेले. दोन वर्षांपर्यंत खरी सफाई झालेले रुग्ण त्यांच्यापेक्षा कधीच सरस ठरले नाहीत. सुटा तुकडा अडकून गुडघा खरोखर जखडत असेल, तर गोष्ट वेगळी.

पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातील रक्तबिंबिका (प्लेटलेट्स) दाट करून सांध्यात सोडणे. ऑस्ट्रेलियात २८८ जणांना आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शने देण्यात आली, काहींना पीआरपीची आणि काहींना सलाईनची. कोणाला काय दिले, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर वेदना आणि कुर्चेची झीज या दोन्ही बाबतींत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. रक्तबिंबिकांचे प्रमाण प्रयोगशाळेगणिक बदलते, म्हणून ‘आमचे पीआरपी वेगळे’ असा दावा नेहमी ऐकू येतो. तो करणाऱ्यांनी तशीच तुलना करून दाखवावी. मूळपेशींबाबत तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही मान्य विकारांखेरीज त्यांचा वापर संशोधनाच्या चौकटीतच व्हायला हवा. त्यासाठी पैसे मागितले जात असतील, तर तिथून उठून यावे.

आपले वय आणि झिजेची जागा पाहता एक वेगळा प्रश्न विचारणे हिताचे ठरेल : पाय धनुष्यासारखा वाकला आहे का? उभे राहून काढलेल्या, खुब्यापासून घोट्यापर्यंतच्या एक्स-रेवर ते कळते. तसे असल्यास नडगीचे हाड छेदून भार बाहेरच्या निरोगी बाजूवर नेण्याची शस्त्रक्रिया किंवा केवळ झिजलेला अर्धा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया यांबद्दल दुसरे मत घ्यावे.

प्रश्न : माझे वय ७१. दोन महिन्यांपूर्वी गुडघ्याच्या नसांवर सुईचा उपचार झाला आणि दुखणे जवळजवळ थांबले. आता व्यायाम आवश्यक आहे का? मांडी घालून बसलेले चालेल का? बागेत उतारावर पुन्हा कामाला जाऊ का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : व्यायाम आताच खरा आवश्यक आहे, कारण इतके दिवस वेदनेमुळे जे करता येत नव्हते, ते करण्याची ही संधी आहे. खुर्चीत बसून पाय सरळ करावा, पाच-सहा सेकंद धरावा आणि सावकाश खाली आणावा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा. आठवड्यात सोपे वाटू लागले, की घोट्याला अर्धा किलोचे वजन बांधावे. शरीराचे वजन अधिक असेल तर ते उतरवावे : एक किलो वजन कमी झाले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

मांडी आणि उकिडवे बसणे टाळावे, कारण वेदना नसली तरी झिजलेल्या भागावरचा दाब तितकाच असतो. शौचालयात कमोड किंवा उंच स्टूल वापरावे. बागेत जाण्यास हरकत नाही. चढताना काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी, उतरताना कडेला वळून उतरावे, आणि नारळाची पेंड किंवा खताचे पोते दुसऱ्याकडे द्यावे. गुडघा अचानक सुजला, गरम लागला किंवा ताप आला, तर दुखत नाही म्हणून थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.