बालवाडीत दिवसभर काय चालतं ते पालकांना रोज कळवावं का? ॲप घ्यावं की व्हॉट्सॲप ग्रुप पुरे?

तुम्ही लिहिलंय की जूनपासून घरच्या हॉलमध्ये बालवाडी काढताय, २५ मुलं येतील, आणि पालकांना रोज फोटो टाकायचे की एखादं ॲप घ्यायचं की महिन्याला एक मीटिंग बास, हे ठरत नाहीये. मी सांगलीत विश्रामबागला १७ वर्षं बालवाडी चालवते, त्याच्या आधी ३ वर्षं दुसऱ्यांच्या बालवाडीत नोकरी केली. ॲपमधलं मला फार कळत नाही, ते शेवटी बघू. पण पालकांना काय सांगायचं आणि काय नाही हा विषय निघाला की माझं डोकं अजून फिरतं.

त्या नोकरीत ज्या मालकीणबाई होत्या त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. बाई हुशार, गाणी तर अशी घ्यायच्या की रडणारं पोरगं दोन मिनिटात गप. पण त्यांचा एकच नियम होता, घरी चांगलं तेवढंच जायला पाहिजे. पोरानं डबा खाल्ला नाही, चड्डीत केली, तासभर दाराकडं बघत बसलं, कुणी ढकललं, काही असू दे, गेटवर आईनं विचारलं की "छान होता हं आज" एवढंच म्हणायचं. मी पण म्हणायचे. पगार १२०० होता आणि मला वाटायचं हीच पद्धत असणार.

तर एक अडीच वर्षांचा पोरगा नवीन आलेला, आजी घ्यायला यायची, हरिपूरहून. एका दुपारी लाल बादलीवरनं त्याची आणि दुसऱ्या एकाची ओढाओढी झाली आणि त्या दुसऱ्यानं, जो अजून धड बोलत नव्हता, याच्या हाताला कोपराच्या खाली कडकडून चावा घेतला. मी तिथंच होते, पण एका मुलीच्या फ्रॉकची नाडी बांधत होते, पाठ होती माझी. हे पण सांगायलाच पाहिजे. त्या वयाची पोरं चावतातच, शब्द नसतात म्हणून दात वापरतात, त्यात चावणाऱ्याचा दोष नाही की त्याच्या आईबापाचा. पण मोठ्या बाईंनी काय केलं, तर डबीतली हळद तेलात कालवून त्या चाव्यावर चांगली जाडसर थापली आणि मला म्हणाल्या, पडला म्हणून सांग.

मी सांगितलं. आजी काही बोलल्या नाहीत. पोराचा हात धरला, पदराचं टोक तोंडात ओलं केलं आणि हळूहळू ती हळद पुसली. खाली दोन कमानी, वर चार खाली चार, मोजून आठ दात. आजी म्हणाल्या, "फरशीला दात असत्यात व्हय गं?" मी गप्प. मग म्हणाल्या, "आणि हळद आमाला दावू नका, हरिपूरची हाय मी." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सांगलीजवळच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांमध्ये साठवायचे, त्यातली कितीतरी पेवं २००५ च्या पुरात खलास झाली, आणि या आजींचं अर्धं आयुष्य त्या हळदीच्या कामात गेलेलं. त्यांच्यापुढं आम्ही हळद लावून खोटं बोलत होतो.

मग मी तिथंच सगळं खरं सांगून टाकलं. चावणाऱ्याचं नाव सोडून.

भांडण झालं असतं तर बरं असं मला नंतर वाटलं, कारण झालं ते वेगळंच. दुसऱ्या दिवसापासनं पोराची आई स्वतः यायला लागली आणि रोज गेटवर, सगळ्यांसमोर, त्याचा शर्ट वर करून पाठ-पोट बघायची, बाह्या सरकवून हात बघायची, मग चप्पल घालायची त्याला. एक शब्द नाही. आम्ही म्हणायचो छान होता, ती म्हणायची बरं. महिनाभर हे चाललं, बाकीच्या आया बघत होत्या, त्यातल्या दोघी पण बाह्या वर करून बघायला लागल्या. दिवाळीनंतर तो पोरगा आलाच नाही, आणखी दोन ॲडमिशन गेली. मोठ्या बाईंच्या हिशोबात ती तिन्ही माझ्या तोंडामुळं गेली. मी म्हणते हळदीमुळं गेली. हा वाद मिटलेला नाही, मागच्या वर्षी एका लग्नात पंगतीत शेजारी आल्या तेव्हा जिलेबी वाढून होईस्तोवर परत तेच निघालं.

तर माझं मत सरळ आहे. वाईट ते आधी सांगायचं, त्याच दिवशी सांगायचं, तोंडानं सांगायचं, आणि जो कोणी घ्यायला आलाय त्याला सांगायचं. आजी असू दे, आजोबा असू दे. रिक्षावाले काका न्यायला असतील तर पोरगं घरी पोचायच्या आत आईला फोन झालेला पाहिजे, कारण ओरखडा आईनं आधी बघितला की तुम्ही नंतर काहीही सांगा, ते सारवासारवच वाटतं. मेसेजमध्ये असलं काही लिहू नका. "आज थोडीशी इजा झाली" असं वाचून ऑफिसमध्ये बसलेल्या बाईच्या डोळ्यापुढं काय काय येतं ते तिलाच माहीत. आणि कोण चावला ते नाव कधीही नाही, कितीही विचारू दे. संध्याकाळी पोर स्वतःच सांगतं, ते वेगळं.

फोटोंबद्दल तर विचारूच नका. मोठ्या बाईंकडं आता रोज ४० फोटो टाकतात म्हणे, त्यांच्याकडची एक आई माझ्याकडं चौकशीला आली होती तिनं सांगितलं. ४० फोटो काढायचे म्हणजे बाईचं लक्ष कुठं असणार? मी नाडी बांधत होते तेवढ्यात आठ दात रुतले, फोटो काढताना काय काय होईल. आणि २५ मुलांच्या ग्रुपवर फोटो टाकला की रात्री नऊला कुणीतरी विचारतंच, आमचा कुठं दिसत नाही, बरा आहे ना. फोटोत हसणारं पोर दिसतं, जेवलं का नाही ते फोटोत दिसत नाही. आमचा ग्रुप खरा कामाला आला तो ऑगस्ट २०१९ च्या पुरात. बालवाडी बंद, गावभागातले पालक माळ्यावर सामान टाकत होते आणि ग्रुपवर तासातासाला कृष्णेवरच्या इर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी, ४५ फुटांना धोक्याची, ती ५७ फुटांच्या पुढं गेली. तेव्हा कोण कुठं आहे, कुणाला दूध पाहिजे, सगळं त्या ग्रुपवरनं झालं. पाणी उतरल्यावर परत गुड मॉर्निंगची फुलं सुरू.

रोजचं साधं काय सांगायचं, तर पालक विचारणार "आज काय शिकवलं". याचं उत्तर तुमच्याकडं तयार पाहिजे, नाहीतर पालक एबीसीडी लिहून घ्या म्हणून मागं लागतात. मी गेटवर एका पोराबद्दल एकच गोष्ट सांगते पण ती त्याचीच. "आज वाटाणे आणि हरभरे वेगळे केले, वीस मिनिटं उठला नाही." एका आईनं विचारलं होतं, घरकाम करून घेता का हो. मग तिला आत बोलावून चिमटीत दाणा धरायला लावला, म्हणलं उद्या पेन्सिल अशीच धरायची आहे त्याला. तेव्हापासून ती घरी शेंगा सोलायला बसवते त्याला. असं रोज सगळ्यांचं होत नाही, पाच-सहा पोरांचं होतं, आठवड्यात फेरी पूर्ण होते.

खरं सांगायचं तर आधी हा प्रश्नच नव्हता. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी पालघरमधल्या बोर्डी-कोसबाडकडं बालवाडी थेट आदिवासी पाड्यावरच्या अंगणात नेली, आई तिथंच अंगण झाडताना बघायची पोर काय करतंय ते, अंगणवाडी शब्दच तिथला. १९७५ ला सरकारी योजना आली, तिच्या केंद्रांना पण तेच नाव. माझी बहीण मिरज तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे, ती म्हणते आता वजन-उंची घेतली की आधी पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर चढवायची, दिल्लीला कळतं, आई दारात उभी असते तिला नंतर. ती मात्र कार्डावरचा वाढीचा तक्ता आईच्या हातात देते आणि ठिपका हिरव्यात आहे का पिवळ्यात ते तिलाच बोट ठेवून बघायला सांगते. हे मला कुठल्याही ॲपपेक्षा पटतं. तुम्ही पण आठवड्यातनं एक दिवस दार उघडं ठेवा, ज्याला यायचंय त्यानं अर्धा तास कोपऱ्यात बसून बघावं. पहिल्यांदा पोरं रडतात आई दिसली की, तिसऱ्या वेळेला ढुंकून बघत नाहीत.

आता हे सगळं अडीच-तीन ते सहाच्या मुलांचं झालं. पाळणाघर पण करणार असाल, वर्ष-दीड वर्षाची बाळं असतील, तर तोंडी चालत नाही, दूध किती वाजता, झोप किती, शी-शू किती, हे लिहूनच द्या. ताप, उलटी, डोक्याला मार असेल तर गेटची वाट बघायची नाही, लगेच फोन. आणि फोटो टाकायचेच असले तर पालकांची सही आधी घ्या, काहींना नको असतात, कारण विचारू नका.

हां, ॲप. २५ मुलांना १०० पानी वही बास, एका पोराला एक पान, तारीख टाकून दोन ओळी. ७०-८० झाली तर घ्या ॲप, फी आणि सुट्टीच्या नोटिसांना बरं पडत असेल. पण सुटायच्या वेळी गेटवर तुम्ही स्वतः उभ्या राहा, मदतनीस मावशींना उभं करू नका. आणि कोण चावलं तर साबण-पाण्यानं धुवा, कातडी फाटली असेल तर डॉक्टरला दाखवा, हळद नको.